सोमवारची यादी

दोन हजार अठरा साल होतं. त्या वर्षी मालकाने वाद्यांच्या दुकानात नवा वायफाय बसवला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या खुंटीला सांगितलं, वेगळं कनेक्शन कशाला घेतेस, माझंच वापर. फोनही त्यानेच जोडून दिला आणि त्याला नाव टाकलं 'खुंटी'. हे नाव त्यानेच तिला चौतीस वर्षांपूर्वी ठेवलेलं. ती पियानो सुरात लावायची. तारांच्या खुंट्या पिळून झाल्या की ही माणसांचे कान पिळायला मोकळी, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तीही त्याला मालक म्हणायची, पण बोलणं सगळं अरेतुरेचं.

कामं दुकानाच्या नावावर येत आणि ती करी. तिची पत्रंही दुकानाच्याच पत्त्यावर येत. तरुणपणी दर पंधरवड्याला जहाजावरच्या एका माणसाचं जाडजूड पाकीट यायचं. मालक ते खणात जपून ठेवी आणि तिच्या हाती देताना पाठवणाऱ्याचं नावसुद्धा वाचत नसे. पुढे पाकिटं थांबली, तेव्हाही त्याने चकार शब्द काढला नाही. त्या एका गोष्टीसाठी तिने आयुष्यभर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

त्याच वर्षी तिचा डावा कान दगा देऊ लागला. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्या जुळल्या नाहीत की आवाजात बारीक थरथर येते. ती थांबेपर्यंत खुंटी पिळत राहायची. आता वरच्या शेवटच्या पट्ट्यांवर थरथर थांबली की आपला कान थांबला, हेच तिला कळेना. मग ती उजवा कान पुढे करून सगळं दोनदा तपासायची. काम चोख होई, वेळ दुप्पट लागे. कुणाला सांगितलं नव्हतं. दार लावून फोनवर वाचायची: कानाचे डॉक्टर, कानाची मशिनं, ऐकू न येणाऱ्यांच्या गप्पांची एक जागा. तिथे मात्र रोज जायची.

संगीत शाळेचे नऊ पियानो हे तिचं सगळ्यात मोठं काम. त्यावर घर चाले. एके दिवशी निरोप आला की यंदा दुसऱ्या कुणाला बोलावलं आहे. मालकाला विचारलं तर म्हणाला, शाळेत मोठ्या बाई नवीन आल्यात, त्यांचा कुणीतरी ओळखीचा असेल.

दोघं नेहमीसारखी कोपऱ्यावर चहाला निघाली. दाराबाहेर पडताच तो तिच्या मागून वळसा घालून उजवीकडे आला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कित्येक महिने तो असाच उजवीकडून चालतो. दुकानातलं तिचं स्टूलही त्याने कधीतरी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला नेलं होतं. कानाचं तर तिने भिंतीलाही सांगितलं नव्हतं.

रविवारी भाची आली. ती विमा कंपनीचं काम घरून करायची आणि दुसऱ्याच्या घरी लॅपटॉप उघडला की आधी काहीतरी चालू करायची. खुंटीने सहज विचारावं तसं विचारलं, ज्याचा वायफाय असतो, त्याला आपण काय वाचतो ते दिसतं का?

"वाचतेस ते सहसा दिसत नाही, मावशी. पण कुठल्या साइटवर गेलीस त्याची यादी दिसू शकते. म्हणून तर मी व्हीपीएन लावते. मग त्याला एवढंच कळतं की ही व्हीपीएनवर गेली. पुढे कुठे, ते नाही."

"आणि त्या व्हीपीएनवाल्याला?"

"त्याला कळू शकतं. भरवसा कुणावर तरी टाकावाच लागतो. तो कुणावर, तेवढं आपल्या हातात."



सोमवारी सकाळी ती खाली गेली आणि म्हणाली, "यादी दाखव."

कसली यादी, असं त्याने विचारलं नाही. तिथेच तिला उत्तर मिळालं. त्याने संगणक तिच्याकडे वळवला. दुकानातली पोरं गेम खेळत बसतात म्हणून त्याने ही सोय घेतली होती. दर सोमवारी कोण कुठे गेलं ते आपोआप येई. 'खुंटी'खाली ओळीने कानाचे दवाखाने होते.

"शाळेला तू सांगितलंस?"

"एखादा पियानो बेसूर निघाला असता तर चारचौघांत तुझं हसं झालं असतं. दुकानाचंही नाव आहे. मी तुला सांभाळून घेतलं, खुंटी."

"निघाला होता का बेसूर?"

"नाही."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"तुलाच सांगणार होते. सगळ्यात आधी." तिचा आवाज चढला नाही. "माझं एकही पाकीट तू फोडलं नाहीस रे, मालक."

"हे पाकीट नव्हतं. हे आपोआप येतं."

"वाचणं आपोआप होत नाही."

तो काउंटरमागून निघाला आणि सवयीने तिच्या उजव्या बाजूला येऊ लागला. तिने वळून डावी बाजू त्याच्याकडे केली आणि तशीच जिना चढली. मागून तो काहीतरी बोलत होता.

पुढे तिने स्वतःचं कनेक्शन घेतलं. कामासाठी लोकांच्या घरी, कानासाठी दवाखान्यात बसावं लागे, तिथे दुसऱ्याचा वायफाय असे. म्हणून भाचीने फोनमध्ये व्हीपीएन घालून दिलं. ती कंपनी कुणाची, तिचा चेहरा कसा, खुंटीला माहीत नव्हतं, आणि त्याचंच तिला बरं वाटे. कानात मशीन घालून, स्वतःच्या नावावर तिने आणखी पाच वर्षं घरोघरचे पियानो लावले. शाळेने दोन वर्षांनी पुन्हा बोलावलं. तिने आधी मशीन दाखवलं, मगच खुंट्या पिळायची किल्ली हातात घेतली. भाची लग्न करून दूर गेली. फोन अडला की खुंटी अजून तिलाच विचारायची.

मालकाशी येता-जाता 'बरं आहे ना' एवढंच उरलं. तो गेला आणि त्याची मुलगी दुकान आवरायला आली. संगणक बंद करण्याआधी तिने वर येऊन सांगितलं की बाबांच्या यादीत तुमचं नाव अजून आहे, पण त्याखाली कितीतरी वर्षं काहीच नाही. काढून टाकू का?

"राहू दे," खुंटी म्हणाली. "आता बघणारं कोण आहे?"