खिडकीची जागा

रस्त्याने नऊ तास, विमानाने पन्नास मिनिटं. धाकट्याने विमान निवडलं ते काही आईची हौस म्हणून नव्हे. नऊ तासांत तिने त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं असतं. पन्नास मिनिटांत एक वाक्य बोलून मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा बेत. वाक्य होतं, "आई, आता तू दादाकडेच राहायचंस."

आई मात्र आठ दिवसांसाठी निघाली होती. कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला बजावून. तिच्याकडून दोनदा गॅस उघडा राहिला होता, दिवसभर इथे घरात कुणी नसायचं, आणि दादाकडे वहिनी घरीच असायची. कारण अगदी खरं होतं. पण ते सांगायला जीभ रेटेल तर ना! 'टॅक्सीत सांगू' म्हणता म्हणता विमानतळ आला.

सामान तोलताना त्याची बॅग जड भरली.

"अरे, तू तर उद्याच परतणार. एवढं काय कोंबलंयस?"

"असंच गं."

आत तिचेच लोकरीचे कपडे होते.

विमानात येईल त्याला आई सांगत होती, "मुलाने मुद्दाम खिडकीची जागा घेतलीय माझ्यासाठी." धाकट्याने मान खाली घातली. तो मोटार शिकवायचा, त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असायचा. विमान धावू लागलं तसा त्याचा पाय उगाचच ब्रेक शोधू लागला.

विमान वर गेल्यावर वैमानिकाने सांगितलं, वारा पाठीशी आहे, दहा मिनिटं आधीच पोहोचू. लोक खूश झाले. याने मनातच वैमानिकाला झापलं. मेल्याला कुणी सांगितली होती घाई!

"आई, ऐक ना."

"थांब रे. ती नदी बघ, बोटभर दिसतेय!"

मग चहा आला, मग ढग आले, मग आईला घरांची छपरं मोजायची होती. विमान खाली झुकलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि एका दमात वाक्य बोलून टाकलं.

"काय?" आई मोठ्याने म्हणाली. "कानाला दडे बसलेत माझ्या. उतरल्यावर सांग."

त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

बाहेर थोरला उभाच होता. त्याने हसत जड बॅग उचलली. "आई, तुझी खोली तयार आहे बरं का. नवीन कपाटसुद्धा आणलंय. आता इथून हलायचं नाही."

आईने थोरल्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. धाकट्याने बॅग परत घ्यायला हात पुढे केला. ती त्याच्याकडे वळली. आवाज अगदी नेहमीचाच होता.

"म्हणून खिडकीची जागा, होय रे?"