टाचा उंचावून

रूली बाईंनी संगणकावर नुसतं ‘टा’ लिहिलं आणि पुढचं अख्खं वाक्य संगणकानंच पुरं करून टाकलं. ‘टाचा उंचावून चालावं लागेल, म्हणून झेपेल अशीच शाळा सुचवते.’

बाईंचा हात तिथंच थांबला. समोर डायलनच्या शिफारशीचा कागद होता. यंत्रालाही पाठ व्हावं इतक्या वेळा आपण हे लिहिलं? त्यांनी शोधून पाहिलं. एकट्या यंदाच पाच वेळा, डायलनचा कागद धरून.

शाळेतल्या शेवटच्या वर्गातली मुलं बारा वर्षांची. त्यांतलं पुढं कोण विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार आणि कोण हाताचं काम शिकवणाऱ्या शाळेत, हे वर्गाच्या बाईंनी एका कागदावर लिहून द्यायचं, अशी इथली रीत. कागदावर कुणी वरची शाळा, खालची शाळा म्हणत नाही. गावात मात्र सगळे तसंच म्हणतात. आणि एखाद्याला वरची झेपणार नाही असं वाटलं, की हे टाचांचं वाक्य प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी तयार. ऐकायला काय मायेचं वाटतं! लेकराची दमछाक होऊ नये, बाकी काही नाही.

बाईंनी पाच नावांपुढे पाच पत्ते मांडले. पाचही कालव्यापलीकडचे, नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांतले. अलीकडच्या बंगल्यांतला एकही नाही.

पाचांतली एक केल्सी. गणितात तिला फ्लोरिसपेक्षा दोन गुण जास्त, वाचनात दोघं बरोबरीची. फ्लोरिस अलीकडच्या बंगल्यातला, नोटरीचा मुलगा. त्याच्या कागदावर बाईंनी ‘अजून फुलेल’ असं लिहून वरची शाळा दिली होती. तो गृहपाठ विसरला की स्वप्नाळू ठरायचा आणि केल्सी विसरली की घरी कुणाचं लक्ष नाही म्हणायचं. हे सगळं दुसऱ्या कुणी केलं असतं तर बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आता घ्यायचं कुणाला? त्यांना स्वतःचाच असा संताप आला की हातातला पेन्सिलीचा तुकडा त्यांनी मोडून टाकला.

त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. वाउटर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता, पण वादाचं नाव काढलं की तो अंग काढून घेई.

“अगं रूली, केल्सीच्या आईनं सहीसुद्धा केली. एका शब्दानं काही म्हणाली नाही ती.”

“तेच सांगतेय. नोटरीसाहेब आधीच तीन पानी पत्र घेऊन आले होते. जो बोलतो त्याचं मूल फुलणार, आणि जो गप्प बसतो त्याचं दमणार. असं आहे का?”

“आणि वर पाठवली, दोन वर्षांत खाली घसरली, तर? तपासणीला सरकारी माणसं आली की असली मुलं मोजतात. मग निस्तरायचं मी.”

“आणि ज्यांना आपण मुळात खालीच बसवलं, ती कोण मोजतं?”

वाउटरनं चष्मा काढून पुसला. “हे बघ, शिफारशींची यादी शुक्रवारी बंद होते. आईनं लेखी मागणी केली तर कागद पुन्हा उघडता येतो. तीही तिनं स्वतः लिहिलेली हवी, तू सांगून लिहवून घेतलेली नको. पाच-पाच घरं तू फिरणार कधी?”

“आज बुधवार. दुपारनंतर शाळेला सुट्टी आहे आणि माझ्याकडे सायकल आहे,” बाई म्हणाल्या.

केल्सीची आई मारिस्का बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला असायची. बाईंची ही जुनी विद्यार्थिनी, त्यांच्या पहिल्याच वर्गातली. दार उघडताच तिचा चेहरा उतरला.

“काय केलं तिनं?”

“तिनं काही नाही. मी केलं.”

मारिस्कानं कॉफी ओतली. उंच फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, बाईंना एक बिस्कीट दिलं, झाकण लावलं आणि डबा परत वर ठेवला. पाहुण्याला एक बिस्कीट, हे या गावात ठरलेलंच. बाईंनी ते बशीत तसंच ठेवलं आणि सगळं सांगितलं. ते दोन गुण, फ्लोरिस, ते वाक्य, पाच पत्ते. स्वतःला त्यांनी कुठंही पाठीशी घातलं नाही.

“तू लेखी मागणी केलीस तर कागद बदलता येईल. शुक्रवारच्या आत.”

“नको बाई.” मारिस्का उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. “तिच्या डोक्यात नसतं काही भरवू नका. तिथं कोण असतं मला ठाऊक आहे. सुट्टी लागली की परदेशी डोंगरांत बर्फावर घसरायला जाणारी मंडळी. त्यांच्यात हिला कोण विचारणार? रोज रडत घरी आली म्हणजे? तुमचंच वाक्य आहे ना? ‘मारिस्का गोड मुलगी आहे, कष्टाळू आहे, पण तिथं तिला टाचा उंचावून चालावं लागेल.’”

“केल्सी म्हणायचंय तुला.”

“नाही. मारिस्का. बावीस वर्षं झाली, बाई. अजून पाठ आहे.”

बाईंनी आठवून पाहिलं. तो वर्ग आठवला, खिडकीतली झाडं आठवली, दोन वेण्या घातलेली मारिस्काही आठवली. ते वाक्य लिहिल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

“खूप लागलं होतं का गं तेव्हा?”

“छे! उलट बरं वाटलं. वाटलं, बाईंना आपली किती काळजी आहे. आईलाही वाचून दाखवलं मी.”

“तुला गुण किती होते?”

“ते मी सांगायचं? तुम्ही आठवायचं, बाई.”

हे बाईंना झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. “मारिस्का, तुझ्या वेळी मी चुकले का, तेसुद्धा मला आज सांगता येत नाही. कारण मी नीट बघितलंच नव्हतं. हिच्या वेळी बघितलंय. उशिरा बघितलं, पण बघितलंय. आणि मी काही अशीच उठून जाणार नाही.”

“मला झेपेल,” जिन्यावरून आवाज आला.

“केल्सी! चोरून ऐकतेस?”

“एवढ्याशा घरात न चोरताही ऐकू येतं, आई.” केल्सी खाली आली. वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. “आणि टाचा उंचावायचं काय एवढं? तू डबा वर ठेवायला लागल्यापासून मी रोज तेच करतेय.”

ती फळीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली, बोटांच्या टोकांनी डबा पुढं ओढला आणि अलगद झेलून टेबलावर आणून ठेवला.

“म्हणजे बिस्किटं कमी होतात ती अशी,” मारिस्का म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग तिनं झाकण उघडलं आणि डबा बाईंच्या पुढं सरकवला.

“घ्या अजून एक.”

डबा दुसऱ्यांदा उघडतात तो फक्त घरच्या माणसासाठी. बाईंनी बिस्कीट घेतलं.

“केल्सी, वही आण. काय लिहायचं ते माझं मी लिहीन, बाई, तुम्ही बोलू नका. शुद्धलेखन तेवढं तू बघ गं, माझं कच्चं आहे.”

“कच्चं नव्हतं,” बाई म्हणाल्या. एवढं मात्र त्यांना लख्ख आठवलं. “वर्गात पहिली होतीस तू त्यात.”

मारिस्काचं पेन थांबलं. तिनं बाईंकडे पाहिलं. मग खाली मान घालून ती लिहू लागली, एकही शब्द न खोडता.

निघताना पत्र बाईंच्या पिशवीत होतं. त्या सायकलीवर बसणार तेवढ्यात मारिस्का दारातून म्हणाली, “आता कुणाकडे?”

“चार घरं राहिलीत. जवळचं आधी करते.”

“डायलनकडे जा आधी. त्याची आई वर्गात माझ्याच शेजारी बसायची.” “तिलाही तेच वाक्य मिळालं होतं, बाई.”

बाईंनी मान हलवली आणि सायकल डायलनच्या घराकडे वळवली.