कच्चं पांढरं

माझा मेहुणा लायल ग्रबर यंग्सटाऊनमध्ये व्यायामशाळा चालवतो. कच्च्या अंड्यातलं पांढरं प्यायचं आणि बलक फेकायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धर्म. व्यायामशाळेतले पोटं सुटलेले चाळिशीचे पुरुषही रोज सकाळी रांगेत उभे राहून भक्तिभावाने ते गिळतात. चव विचारायची नसते.

या वर्षी लायलचे केस पुंजक्यांनी गळू लागले. तोंडाभोवती लाल चट्टे उठले. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि जिना उतरताना तो कठडा धरू लागला. माझी बहीण कोरीन त्याला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. सोबतीला मी.

"बायोटिन कमी पडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक जीवनसत्त्व आहे. कच्च्या पांढऱ्यातला एक पदार्थ ते घट्ट धरून ठेवतो, अंगी लागूच देत नाही. आणि बलकात जे असतं, ते तुम्ही फेकता."

"गोळी द्या."

"देते. पण अंडी शिजवा, म्हणजे त्या पदार्थाची पकड सुटते. अख्खी खा. शेंगदाणे, कलेजी, मासे खा. केस येतील. पायांचं मात्र जास्त लांबवू नका, नसा कायमच्या जातील."

"शिजवल्यावर ताकद जाते," लायल म्हणाला.

"ताकद?" कोरीन म्हणाली. "काल बरणीचं झाकण मी उघडून दिलं तुला."

गाडीत त्याने आरशात बघून डोक्यावरचे विरळ केस चाचपले. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या रांगेतल्या पोरांना सांगतो, माझं चुकलं."

कोरीन रडली. लग्नानंतर हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

सकाळी आम्ही दोघं मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो. दार उघडलं. रांग लागलेली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाने डोकं भादरून गुळगुळीत केलं होतं.

"कोच, आम्ही तुझ्याबरोबर आहोत!" डेल्बर्ट ओरडला. हा विम्याच्या कंपनीत काम करतो. "केस गेल्यावरच खरी ताकद येते ना? आम्ही ओळखलं!"

"अरे, तसं नाही..." लायल म्हणाला.

"एवढा नम्र नको होऊस रे!"

सगळे हसले, टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याच्या हातात कच्च्या पांढऱ्याचा ग्लास दिला. लायलने कोरीनकडे पाहिलं.

"बोल," ती म्हणाली. "एकच वाक्य आहे."

त्याने त्या चकचकीत डोक्यांवरून नजर फिरवली. इतक्या प्रेमाने त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मग त्याने ग्लास तोंडाला लावला आणि एका घोटात संपवला. तिथे जल्लोष झाला.

कोरीन बाहेर पडली. मी मागोमाग गेलो.

"त्याला घ्यायला संध्याकाळी कोण येणार?" मी विचारलं.

"ते आहेत ना," तिने गाडी सुरू केली. "उचलून आणतील. सगळे मिळून एका माणसाला उचलू शकतील, एवढी ताकद असेल त्यांच्यात. अजून तरी."