चूलबंद नेवता

दुर्गेश्वरीच्या हिशेबाने बिरसीत डोक्याने सुटलेला म्हातारा एकच होता, आणि तो नेमका तिच्याच घरात होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना, मुन्नालालना, तपासून डिमेन्शिया हा शब्द सांगितला, तेव्हा तिने विचारलंही, "हे तर विदेशातल्या लोकाईले होते ना जी?" डॉक्टर हसले. "जगातले निम्म्याहून जास्त असे म्हातारे आपल्यासारख्या देशांतच आहेत, बाई. आपण फक्त म्हातारचळ म्हणतो आणि दार लावून घेतो." घरी येऊन तिने मनातल्या मनात सारं गाव पालथं घातलं. दुसरा कोणी सापडला नाही.

मग तिनेही दार लावून घेतलं. त्यातून आज तिच्या लेकीला, प्राचीला, बघायला जवळच्या गोरेगावचे सोयरे आले होते. पोराला प्राची पसंत, प्राचीला पोरगा. आता अडायचं ते एवढ्यावरच, की आजोबाचं हे कळलं तर "पोरीतही उतरंल" म्हणून स्थळ मोडायचं. म्हणून मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तिने सकाळीच शेजारच्या चुन्नीलालकडे नेऊन बसवलं. सोयरे जाईपर्यंत सोडू नका, एवढंच बजावलं; कारण सांगितलं नाही.

"आजोबा नाही दिसून राहिले?" मुलाच्या आईने, पुष्पाबाईने, चहा पिता पिता विचारलं.

"सालेकशाले गेले. लेकीकडे."

तेवढ्यात फाटक वाजलं. चुन्नीलाल, त्याची बायको, पोरं, पोरांच्या कडेवरची पोरं. मागून पलीकडच्या दुलीचंदाचं सारं घर.

"काऊन जी, सारेच?" दुर्गेश्वरीच्या तोंडून निघून गेलं.

"मुन्नालालकाका नेवत्याचे पिवळे तांदूळ देऊन गेले ना! तांदूळ-हळद आमच्याच घरची घेतली. जमुनाचं लगन आहे म्हणे. आम्ही समजलो, प्राचीचं असंल, तोंडात लेकीचं नाव आलं. अन् नेवता चूलबंद. मग कोणाले ठेवाचं घरी?" चुन्नीलाल म्हणाला.

चूलबंद नेवता म्हणजे असं आमंत्रण, की त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही. रांगत्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत साऱ्यांनी यायचं. गावात गॅस आला, पण चूलबंदाचा मान गेला नाही. एकाला जरी घरी ठेवलं तरी तो यजमानाचा अपमान.

त्यामुळे तेही आले, ज्यांना कोणी वर्ष-वर्ष बघितलं नव्हतं. चुन्नीलालची आई, जिचे म्हणे गुडघे दुखत होते, ती तुरुतुरु चालत आली आणि मुलाच्या वडिलांना, गोवर्धनला, म्हणाली, "बैल आणला का रे बाजारातून?" दुलीचंदाचे बाबा तीन सदरे चढवून आले होते आणि दुलीचंदाची ओळख 'माझा मोठा भाऊ' अशी करून देत होते.

"कवापासून?" दुर्गेश्वरीने दुलीचंदाला हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली, वहिनी. तुमच्या घरी सारे शहाणे. तुम्हाले सांगाची लाज वाटे."

तिला हसू आलं, आणि तेवढ्यात मामाजी आत आले. हात हळदीने पिवळे. सरळ पुष्पाबाईपुढे गेले आणि तिच्या तळहातावर तांदूळ ठेवले.

"जमुनाचं लगन आहे. चूलबंद आहे बरं का. घरी कोणालेच ठेवू नका."

"सालेकशाहून लवकर आले," पुष्पाबाई म्हणाली.



"खोटं बोलली मी," दुर्गेश्वरी म्हणाली. "विसरतात ते. लेकीचं लगन होऊन तिले नातवंडं झाली, तेबी विसरले. माझ्या पोरीचा त्यात काही दोष नाही."

पुष्पाबाईने मुठीतल्या तांदळाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. "ऐकलं काय जी? कोणालेच ठेवू नका म्हणून राहिले." गोवर्धनने आढ्याकडे नजर लावली.

"आमच्या सासूबाई तीर्थाले गेल्या, असं मध्यस्थाले सांगितलं होतं आम्ही," ती म्हणाली. "कायचं तीर्थ! मोरीत बसून धुतलेलेच कपडे धुऊन राहिल्या दिवसभर." तिने घरी थांबलेल्या पोराला फोन लावला. "आजीले घेऊन ये. हो, आत्ताच. लुगडं कोणतंबी चालते, इथं सारे आपल्यातलेच आहेत." मग पदर खोचून तिने विचारलं, "प्राची, सुनबाई, मोठं गंज कुठं आहे व? एवढ्या लोकाईचा भात का ह्या कुकरात होईल?"

सुनबाई! दुर्गेश्वरीने चुलीला लाकडं लावता लावता डोळे पुसले आणि धुरावर ढकललं.

मामाजी पाण्याचा गडू घेऊन फिरत होते. तिच्यापाशी थांबले, निरखून बघितलं.

"तू कोणाकडची व बाई? नवरीकडची का नवऱ्याकडची?"

"नवरीकडची, मामाजी."

"मंग अशी उपाशी नोको जाजो," म्हणत त्यांनी गडू तिच्या हातात दिला. "घरचंच लगन आहे."