विहिरीच्या तळची झडप

ओतूरच्या दवाखान्यात जानकूनं दाराशी जाऊन पायताणं चढवली. "काळीज बदलून घ्यायचं वय हाय व्हय माझं? पुन्याला न्हाई येनार मी."

चार पावलांत त्याला धाप लागली होती. पाय सुजलेले, पण हट्ट शाबूत.

"कोन मागतंय तुमचं काळीज?" त्याची बायको कुशाबाई जागेवरूनच म्हणाली. "फुकट दिलं तरी कोनी घेनार न्हाई. या हिकडं."

डॉक्टर सफा जुन्नरची पोर, समजावताना कंटाळायची नाही. तिनं त्याला बसवलं, आपली नळी कुशाबाईच्या कानांत अडकवली आणि दुसरं टोक नवऱ्याच्या छातीवर टेकवलं. "ऐका आजी."

धक्... सूंऽऽ... धक्... सूंऽऽ.

कुशाबाईनं डोळे मिटले. पायपाच्या तळची झडप गळायला लागली की मोटर बंद केल्यावर पाणी परत विहिरीत उतरायचं, तेव्हा असाच आवाज यायचा.

"मागं येतंय," ती म्हणाली. "तळचा फुटव्हॉल गळतोय."

सफा बघतच राहिली. "अगदी तसंच! रक्त पुढं गेलं की झडप घट्ट मिटायला हवी. यांची मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागं येतं, हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. आणखी थांबलात तर हृदयच थकेल."

"म्हंजी मोटर जळंल." कुशाबाई नवऱ्याकडं वळली. "ऐकलं? मोटर न्हाई काढायची, झडप तेवढी नीट करायची. आपल्या हिरीतली कोनी बदलली व्हती?"

"तू."

"पन्नास फूट खाली कोन उतरलं?"

"तूच की."

"आन तुमी?"

"दोरी धरली व्हती."

"लटलट कापत!"

"पन सोडली न्हाई," जानकू मान ताठ करून म्हणाला.

ते मात्र खरं होतं.

"मग आता तुमी उतरा," कुशाबाई म्हणाली. "दोरी मी धरते. माझा हात कापत न्हाई."

जानकूनं पायताणं काढून बाजूला सारली.

जानकू पुण्याहून झडप नीट करून परतल्यावर महिन्यानं सफानं पुन्हा नळी पुढं केली. कुशाबाईनं कान लावला. धक्-धक्, धक्-धक्. मध्ये काही नाही. तिनं पुरतं ऐकून घेतलं, मगच नळी काढली.

"पुन्याच्या डॉक्टरला सांगा," ती पदर सावरत म्हणाली, "काम माझ्या तोडीचं केलंय."