माझं वॅट, तिची वाट

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण आयुष्यात वीतभरसुद्धा पुढे गेलेली नाही. हसू नका, माझा जन्मच जागेवर पळण्यासाठी झाला. वालचंदनगरच्या फिटर दत्तोबांनी १९९४ साली भंगारातलं जड चाक, घासणारा पट्टा आणि एक काटा जोडून मला घडवलं. बसणारीच्या पायांत जोर किती, हे मी वॅटमध्ये सांगते. खोटं एकदाही बोलले नाही, म्हणून माझी मान ताठ असते.

दत्तोबा मुलींना ट्रॅकवरच्या सायकल शर्यती शिकवत. एके वर्षी संघात एकच जागा उरली आणि दावेदार दोघी होत्या. मेघनाने माझा काटा अडीचशेवर नेला. कऱ्हाटीची सारजा दोनशे दहालाच दमली. दत्तोबांनी मेघनाचं नाव लिहिलं. सारजा डोळे पुसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा आबासाहेब आले. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती.

"दत्तोबा, आमच्या सारजाची वाट कमी पडली म्हणं?"

"वाट न्हाय आबा, वॅट!"

"तेच की. उभी हयात आमी वाटंवरच काढली. वारं कुठनं येतंय, म्होरकी मेंढी कवा वळणार, समदं पोरीला ठावं हाय. मग वाट कमी कशी?"

मी मनातल्या मनात खूप हसले. दत्तोबाही हसले, पण वाऱ्याची गोष्ट त्यांनी मनावर घेतली. त्यांनी पुण्याच्या, वळणांवर कडेने उंच होत जाणाऱ्या तिरक्या ट्रॅकवर दोघींची शर्यत लावली.

मी तिथे नव्हते. दत्तोबांनीच परत येऊन सांगितलं. मेघना सगळा वेळ पुढे राहून समोरचा वारा अंगावर झेलत होती. सारजा तिच्या आडोशाने मागच्या चाकाला चिकटून होती. शेवटच्या वळणावर मेघना जराशी थकली, त्याच क्षणी सारजा उतारावरून सुटली आणि अर्ध्या चाकाने जिंकली. जागा तिला मिळाली.

गर्वाचं घर खाली, म्हणतात. मला वाईट वाटलं. पण माझा आकडा खोटा नव्हता, तो अपुरा होता. पुढच्या वर्षी मेघना सारजाकडूनच आडोसा धरायला शिकली आणि संघात आली. मी सांगितलेले तिचे अडीचशे खरेच होते!

आता सारजा नव्या मुलींना शिकवते. आधी मला तेल घालते. मित्रांनो, जुन्या यंत्राची एवढी निगा राखाच; गंज चढला तर माझा काटा खोटं बोलेल, आणि ते मला सोसायचं नाही. मग ती मुलीला बसवते, आकडा वहीत लिहिते आणि म्हणते, "वॅट कळलं गं. चल, आता वाट दाव."