बावीस दाणे

टक्.

"सव्वीस," आई म्हणाल्या.

टेबलाभोवती सगळे चिडीचूप उभे होते. अकरा माणसांच्या त्या घरात अशी शांतता वर्षातून एकदाच मिळायची, आणि तीही टोमॅटोच्या कृपेनं. टोमॅटो भरून उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरण्या टेबलावर जुन्या चादरीवर मांडलेल्या असत. निवता निवता एकेकीचं पत्र्याचं झाकण आत ओढलं जाई आणि टक् असा बारीक आवाज होई. टक् वाजलं की बरणी नीट बंद झाली, वर्षभर काळजी नको. जिचं वाजणार नाही ती त्याच दिवशी सगळ्यांच्या पोटात. हे टक् मोजायचा मान घरातल्या म्हातारीचा, म्हणजे आईंचा. त्या वेळी कुणी ब्र काढायचा नाही. मागे एकदा त्यांच्या धाकट्या लेकाला नेमकी तेव्हाच शिंक आली, तर त्याला पुढचे आठ दिवस त्यांनी 'शिंक्या' म्हणूनच हाक मारली होती. बायकोसमोर, पोरांसमोर, दूधवाल्यासमोर.

टक्. टक्.

"अठ्ठावीस. हलू नका रे."

थोरली सून चुलीपाशी भिजल्या हातांनी उभी होती. अठरा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला टोमॅटो सोलायचं माहीत नव्हतं. तिची स्वतःची आई लहानपणीच गेलेली, शिकवणार कोण? सासूबाईंनी पहिल्या वर्षी तिला इतकं बोलून घेतलं की ती कोठीत जाऊन रडली होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिच्या हातात पळी दिली. तिसऱ्या वर्षी शेजारणीला सांगितलं, "माझी थोरली आहे ना, तिच्यावर घर टाकून मी खुशाल झोपते." ते वाक्य थोरलीनं जपून ठेवलं होतं. या बाईवर तिचा जीव होता. तिला तसं कधी म्हणता आलं नाही, एवढंच.

"एक्केचाळीस," शेवटी आई म्हणाल्या आणि खुर्चीला टेकल्या. "एकही फुकट नाही."

एकदम गलका झाला. पोरं बाहेर पळाली, धाकट्यानं राखून ठेवलेली शिंक मोकळी केली, आणि घर पुन्हा घरासारखं झालं.

चौथ्या दिवशी थोरली धुणं धूत होती. आईंचा एप्रन पाण्यात बुडवायच्या आधी तिनं सवयीनं खिसा चाचपला आणि तिच्या हाताला दाणे लागले. घेवड्याचे वाळलेले दाणे, मूठभर. तिनं ते दगडावर ओतले आणि मोजले. पुन्हा मोजले. बावीस.

तिनं ते रुमालात गाठ मारून ठेवले.

त्या घरात त्या दाण्यांना फार किंमत होती. बरणीत टोमॅटो भरले की झाकण लावण्याआधी लिंबाचा रस दोन चमचे घालायचा, हे काम आई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. रस घातला नाही तर बंद बरणीत विष तयार होऊ शकतं. रंग बदलत नाही, वास येत नाही, झाकण टक् वाजतं ते वाजतंच. आईंची सख्खी बहीण तशाच एका बरणीनं गेली होती. तेव्हापासून त्यांचा नेम असा, की सकाळी जितक्या बरण्या तितके दाणे एप्रनच्या खिशात घ्यायचे. एका बरणीत रस घातला की एक दाणा खिशातून वाटीत. "या घरात मोजायला बसलं की कुणीतरी हाक मारतं," त्या म्हणायच्या, "आकडा विसरतो, दाणा विसरत नाही." खिसा रिकामा झाला की काम झालं. इतक्या वर्षांत तो कधी भरलेला राहिला नव्हता.

थोरली तशीच ओल्या पायांनी आत गेली. फडताळातली रसाची बाटली काढून बघितली. दरवर्षी तळाला जाणारी बाटली अर्धीअधिक भरलेली होती.

आणि त्याच क्षणी तिला स्वयंपाकघरातून वास आला.

चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. धाकटी जाऊ त्यात पळी फिरवत होती. शेजारी यंदाच्या टोमॅटोची एक बरणी रिकामी पडलेली. बाहेर पोरं ताटल्या मांडत होती, पुरुष हातपाय धूत होते, आई टेबलाशी येऊन बसल्याही होत्या.

"कुणी चाखलं?" थोरलीनं विचारलं.

"आत्ता कुठं उकळलंय," धाकटी म्हणाली. "का हो ताई?"

थोरलीनं फडक्यानं पातेलं धरलं, उचललं आणि मागच्या दारानं सरळ बाहेर चालू लागली.

"अहो ताई, काय झालं?"

"पाल पडली."

"पाल? मी इथंच तर उभी आहे. मला कशी नाही दिसली?"

"मला दिसली ना, बास."

अकराही जणांनी त्या दुपारी उकडलेले बटाटे खाल्ले. धाकटी फुगून बसली. पोरांनी पाल किती मोठी होती यावर वाद घातला आणि शेवटी ती मांजराएवढी केली. आई मात्र जेवताना थोरलीकडे बघत होत्या.

जेवणं झाल्यावर थोरलीनं नवऱ्याला गोठ्यामागे नेलं आणि सगळं सांगितलं.

"सगळ्या फेकायच्या?" तो म्हणाला. "अगं, एकोणीस तरी चांगल्या असतील."

"कुठल्या एकोणीस ते सांगा, ठेवते."

तो कुदळ घेऊन आला आणि कोंबड्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा खणायला लागला. मध्येच थांबून म्हणाला, "आईला काय सांगायचं?"

"काही नाही. त्या आडव्या झाल्या की मी गुपचूप काढते."

"आणि फळ्या रिकाम्या दिसतील तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा."

कोठीत फळ्यांवर चाळीस बरण्या ओळीनं बसलेल्या होत्या. दारातून येणाऱ्या उन्हात इतक्या सुंदर दिसत होत्या की थोरलीला त्यांचा राग आला. तिनं पहिल्या झाकणाखाली चमच्याचा दांडा घातला. फुस् झालं. बरणी बादलीत ओतली. दुसरी. तिसरी.

"पाल नव्हती," मागून आवाज आला.

आई दारात उभ्या होत्या. थोरलीचा हात झाकणावरच राहिला.

"नव्हती," ती म्हणाली.

"किती निघाले?"

थोरलीच्या अगदी ओठांवर 'दोनच' आलं होतं. पण या बाईनं थेट विचारल्यावर ती अठरा वर्षांत कधी खोटं बोलली नव्हती.

"बावीस."

आई हळूच पिंपाच्या झाकणावर बसल्या. आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"मला शेवटचा दाणा टाकलेला आठवतोय गं," त्या म्हणाल्या. "वाटीत पडल्याचा आवाजसुद्धा आठवतोय." मग थोडं थांबून, "तो मागच्या वर्षीचा असेल."

थोरलीला रडू येत होतं आणि रडायची ही वेळ नव्हती.

"तुम्ही पडा जरा. मी आवरते."

"माझ्या बहिणीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं," आई म्हणाल्या. "छान झालंय म्हणाली." त्यांनी हात पुढे केला. "आण तो चमचा. मी केलंय, मीच उघडणार. तू ओत."

मग त्या झाकणं उघडत गेल्या आणि थोरली ओतत गेली. दर झाकणाला फुस् व्हायचं. आई आकडा म्हणत होत्या, टक् मोजताना म्हणायच्या तसाच, पण हलक्या आवाजात. शेवटची बादली खड्ड्यात रिकामी झाली, वर माती पडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "दाणे कुठेत?"

थोरलीनं रुमालाची गाठ सोडली. आईंनी दाणे हातात घेतले, बोटानं सरकवत मोजले आणि एकेक करून थोरलीच्या एप्रनच्या खिशात टाकले.

"आता हे तुझं."

"आई, पुढच्या वर्षी मी शेजारी उभी राहते. रस तुम्हीच घाला."

"नको. उद्या माझ्या हातून या घरातलं पोर जाईल." मग थोरलीच्या खांद्याला धरून उठता उठता म्हणाल्या, "मला टक् मोजायला ठेव फक्त. तेवढं जमेल."

रात्रीच्या जेवणाला थोरलीनं जाहीर केलं की झाकणं निकृष्ट निघाली, तिनंच बघून घ्यायला हवी होती, सगळा माल गेला. धाकटी म्हणाली, "म्हणजे आता वर्षभर टोमॅटो नाही?" थोरलीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आई ताटातले बटाटे चिवडत राहिल्या. उठताना त्यांनी थोरलीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

वर्ष गेलं. त्या वर्षात आई बरंच विसरल्या. आधी चष्मा, मग नातवंडांची नावं, मग जेवण झालं की नाही ते. थोरलीला त्या कधी बहीण समजायच्या आणि तिला म्हणायच्या, "तू ते खाऊ नकोस हं." थोरली म्हणायची, "नाही खात."

टोमॅटो आले. थोरलीनं खिशात चाळीस दाणे घेतले आणि दिवसभर कुणाच्याही हाकेला ओ दिली नाही. काम संपल्यावर तिनं खिसा उलटा करून झटकला. मग टेबलाशी खुर्ची मांडली, आईंना हाताला धरून आणलं आणि बसवलं. घर गोळा झालं.

टक्.

"एक," आई म्हणाल्या, आणि थोरलीच्या जिवात जीव आला. त्या नीट मोजत होत्या. दहा झाले, वीस झाले. पोरं एकमेकांकडे बघून हसली.

टक्.

"सव्वीस."

टक्.

"सव्वीस."

टक्.

"सव्वीस."

धाकट्यानं तोंड उघडलं. थोरलीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं मिटलं. टक् वाजत राहिलं आणि प्रत्येक टक्ला आई ठामपणे सव्वीस म्हणत राहिल्या. कुणी हललं नाही. धाकटीनं डोळ्याला पदर लावला. शेवटचं झाकण वाजल्यावर आईंनी कान देऊन वाट बघितली, आणि मग विचारलं, "झालं?"

"झालं, आई."

"किती गं?"

"सव्वीस," थोरली म्हणाली.

"एकही फुकट नाही," आई म्हणाल्या आणि खुर्चीला टेकल्या. आणि चाळीस बरण्या उचलून कोठीत न्यायला सगळं घर मुकाट्यानं कामाला लागलं.